तव्याशेजारचे सहा खडे

त्या रविवारी सकाळी दादांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, टोपी नीट केली आणि फाटकातून मागं वळून म्हणाले, "मने, पाव तू आण. मटणाचं माझ्याकडं." वीस वर्षांत या वाटणीत बदल झाला नव्हता. सिडकोतल्या त्या छोट्या घरात बाप-लेक दोघंच राहत. मनकर्णाची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मनकर्णा एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आठवडाभर ती पुस्तकांत असायची आणि रविवारीही तिच्या हातातून पुस्तक सुटत नसे. दादांना रविवारचं एकच काम असे, हॅमबर्गर.

हे काम ते शिकले त्याला आता पन्नास वर्षं होत आली होती. बाहत्तरच्या दुष्काळात कन्नडकडं त्यांच्या घरची मेंढरं विकावी लागली, तेव्हा त्रिंबक, म्हणजे हेच दादा, शहरात आला आणि वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी पाहुणे जिथं उतरायचे अशा एका हॉटेलात भांडी घासू लागला. तिथले मुख्य खानसामे अकबरमियाँ निजामाच्या काळात हात बसलेले. बिर्याणीत त्यांना कुणी बोलू शकत नसे, पण साहेबलोकांचा हॅमबर्गर त्यांच्या हातून कोरडा व्हायचा आणि ताटं अर्धी परत यायची. एकदा असंच ताट धुवायला आलं, तेव्हा त्रिंबकनं उरलेला तुकडा बोटांनी मोडून बघितला आणि म्हणाला, "मियाँ, ह्याची चरबी काढून टाकली तुम्ही. मेंढराची समदी चव तिथंच ऱ्हाती." अकबरमियाँनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग हातातला सुरा त्याच्यापुढं धरला. "ले फिर. बता."

त्रिंबकनं करून दाखवलं. पुढची सदतीस वर्षं ताटं रिकामी होऊन परत येत राहिली. कित्येक पाहुणे जेवण झाल्यावर स्वयंपाकघराचं दार ढकलून आत यायचे, कुणी बनवलं म्हणून विचारायचे, हात हातात घ्यायचे. दादांना त्यांची भाषा जेमतेम कळे. ते नुसते तव्याकडं बोट करायचे.

तोच तवा निवृत्त होताना त्यांनी मागून घेतला. बिडाचा, काळाभोर, एका हातानं उचलवत नाही असा. बाकी निरोपसमारंभात मिळालेली शाल कपाटात पडून राहिली, तवा मात्र रोज तेलाचा हात फिरवून जागेवर ठेवला जाई. त्याच्या शेजारी, आणि तो येण्याआधी घरातल्या जुन्या तव्याशेजारी, ओट्यावर सहा गुळगुळीत खडे असत, नदीतल्यासारखे, बोराएवढे. तवा तापला की दादा खड्यांपाशी उभे राहत, ओठ हलत, मधूनच एक खडा उजवीकडून डावीकडं सरके. देवाचं काहीतरी असेल, असं मनकर्णानं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. विचारावंसं तिला कधी वाटलं नाही.

त्या रविवारीही सगळं ठरल्याप्रमाणं झालं. दादांनी शहागंजातून मेंढीच्या खांद्याचं मटण आणलं. चार वाटे मांस आणि एक वाटा चरबी सुऱ्यानं बारीक केली. यंत्राचा खिमा त्यांना चालत नसे, त्याचं पीठ होतं म्हणायचे. मग बारीक केलेलं मांस तासभर फ्रीजमध्ये ठेवलं. मनकर्णा टेबलाशी वाचत बसली होती.

"मने, आज एक तू कर," दादा म्हणाले.

"मी?"

"मंग काय पुस्तक करणारे?"

ती उठली. तिनं गोळा घेतला आणि सवयीनं मळायला लागली. दादांनी तिच्या मनगटाला हात लावला. "मळू नगं. ती काय कणीक हाये? कोकरू उचलताना कसं धरतो, तेवढंच धरायचं." मग त्यांनी तिला पसरट टिक्की करायला लावली, मधोमध अंगठ्यानं खळगा पाडायला लावला, "न्हायतर फुगून पुरी होती." मीठ आणि मिरपूड तव्यावर टाकायच्या क्षणी, त्याआधी नाही, आधी मीठ लागलं की मांस आखडतं. तव्यातून निळसर धूर निघाला तेव्हा टिक्की पडली आणि चर्रर्र आवाज घरभर गेला.

मनकर्णानं उलथनं घेतलं आणि भाकरी दाबावी तशी टिक्की दाबली. कडेनं रस वाहिला, तव्यावर फसफसला आणि वाळून गेला.

दादा पुढं झाले. त्यांनी उलथनं हळूच काढून घेतलं, आपल्या दोन टिक्क्या तव्याच्या दुसऱ्या बाजूला टाकल्या आणि खड्यांकडं वळले.

इतक्यात बेल वाजली. बोर्डे मॅडम होत्या, मनकर्णाच्या कॉलेजच्या उपप्राचार्य. ग्रंथालयाच्या अहवालावर सही हवी होती. वासानं त्या दारातच थबकल्या. "अहो, काय चाललंय काय तुमच्याकडं?" त्यांना बसवावंच लागलं. दादांनी पाव चरबीतच भाजला, कांद्याची एक जाड चकती ठेवली आणि बशी पुढं केली. बोर्डे मॅडमनी पहिला घास घेतला आणि रस मनगटावरून ओघळला तशी गडबडीनं रुमाल शोधला. निम्मा संपवूनच त्यांनी बशी खाली ठेवली.

"इतका रसाळ मी कुठंच खाल्ला नाही," त्या म्हणाल्या. "वडील काय करायचे तुमचे?"

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, खांद्यावर फडकं.

"हॉटेल मॅनेजमेंटमध्ये होते," मनकर्णा म्हणाली.

हे उत्तर ती चौथीपासून देत आली होती. चौथीत बाईंनी एकेकाला उभं करून वडिलांचं काम विचारलं होतं. कुणाचे वडील तलाठी, कुणाचे शिक्षक. मनकर्णाच्या आधीच्या मुलीनं आपले वडील आचारी असल्याचं सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी "स्वयंपाक तर बायका करतात," म्हणालं आणि वर्ग हसला. मनकर्णा उभी राहून म्हणाली, "मॅनेजर." पुढं ते उत्तर तिच्याबरोबर वाढलं, नीटनेटकं झालं, अर्जांतसुद्धा गेलं. पण दादांच्या समोर दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

दादांनी फडकं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "अजून एक देऊ का, मॅडम? गार झालं की चरबी थिजती, मंग मजा न्हाई."

मॅडम गेल्यावर दोघं जेवायला बसली. तिनं दाबलेली कोरडी टिक्की दादांनी आपल्या पावात घातली आणि आपली तिला दिली. तिच्या ध्यानात आलं. काही बोलावं असं वाटलं, पण त्या घरात जेवणाला चांगलं म्हणायची पद्धत नव्हती, आणि दुसरं जे बोलायचं होतं ते तोंडापर्यंत आलं नाही. तिनं पुस्तक उघडलं. दादा चावत राहिले. "पुढल्या रविवारी दाबू नगंस," एवढंच म्हणाले.

सोमवारी पाण्याची पाळी होती. टाकी भरली का बघायला दादा सकाळी गच्चीवर चढले, उतरताना तिसऱ्या पायरीवर बसले, आणि बसलेच राहिले.

तेरा दिवस देवगाव रंगारीहून आलेली माणसं घरात होती. केरबातात्या, दादांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको सखूबाई यांनी सगळं हातात घेतलं. तेराव्याचं गोड झालं. चौदाव्या दिवशी भाऊबंदांना आणि ओळखीच्यांना तिखटाचं जेवण घालून सुतक मोडायची त्यांच्यात रीत. तात्यांनी मटणाच्या रश्श्याचं बोलून टाकलं.

"रस्सा नको, तात्या," मनकर्णा म्हणाली. "मी दादांचं करते. हॅमबर्गर."

तात्या भिंतीला टेकून बसले होते. सत्तरी ओलांडलेली, अजून वीस मेंढरं पाळून होते. दुष्काळानंतर त्यांनी पुन्हा चार-चार करून कळप जमवला होता. धाकटा भाऊ शहरात जाऊन चुलीपुढं उभा राहिला, हे त्यांना कधी पचलं नाही. गावात कुणी विचारलं तर ते म्हणत, कंपनीत हाये. म्हणजे खोटं बोलणारी मनकर्णा एकटी नव्हती.

"पावात खिमा घालून भाऊबंद जेवू घालतीस व्हय?" ते म्हणाले. "गावात सांगू काय मी? त्रिंबकचं तिखट बेकरीत झालं म्हनून?"

"जेवून बघा, मग सांगा."

"आन् नाही जमलं तर?"

"तर रस्सा आहेच. सखूकाकू करतील." मनकर्णाचा आवाज नेहमीसारखा खालच्या पट्टीत होता. "पण आधी मला एकदा करू द्या. पन्नास वर्षं त्यांनी जे केलं ते त्यांच्या माणसांनी एकदा तरी खावं."

तात्यांनी तंबाखूची चंची उघडली, म्हणजे त्यांनी नकार दिला नाही.

चौदाव्या दिवशी ती सकाळी सातलाच शहागंजात गेली. दादांच्या नेहमीच्या खाटकानं, कलीमभाईंनी, तिला ओळखलं, हातातलं काम ठेवलं. "बहोत अच्छे आदमी थे. पचास साल में एक बार भी मुझसे अच्छा टुकडा दूसरे को नहीं जाने दिया." मग त्यांनी खांद्याचं मटण काढलं आणि सुरी चरबीकडं नेली.

"चरबी राहू द्या, चाचा."

"शहर के लोगां तो नक्को बोलते, बेटा. डाक्टर ने मना करे बोलके."

"चारला एक. दादांसारखं."

कलीमभाईंनी तिच्याकडं वर पाहिलं. "हौ," ते म्हणाले, आणि सुरी बाजूला ठेवून दुसऱ्या हुकावरचा तुकडा काढला.

घरी येऊन तिनं सगळं जसं आठवत होतं तसं केलं. सुऱ्यानं बारीक केलं, गार केलं, मळलं नाही, खळगा पाडला. पहिली टिक्की तव्यावर टाकली आणि घड्याळाकडं बघत राहिली. किती वेळ, ते तिला माहीतच नव्हतं. तीन मिनिटांनी उलटायला गेली तर टिक्की तव्याला धरून बसली, निम्मी तव्यावरच राहिली. दुसरी तिनं जास्त ठेवली, ती मधे कोरडी खडखडीत झाली. तिसऱ्या वेळी सखूकाकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या हातातलं उलथनं घेऊन म्हणाल्या, "दाब की जरा. आत कच्चं राहील." मनकर्णानं त्यांचा हात वरच्या वर धरला. "नाही काकू. आपली सगळ्यांची हीच चूक. ही भाकरी नाही."

सखूकाकूंनी हात काढून घेतला. "तुज्या बापाचा हात तुला न्हाई आला बाई," त्या म्हणाल्या. टोचून नाही, काळजीनं म्हणाल्या, तरी टोचलं. पंचवीस माणसं बारा वाजता येणार होती. मनकर्णानं रश्श्यासाठी कांदा चिरायला काकूंना सांगायचं जवळजवळ ठरवलं.

तेव्हाच तात्या चहाचा कप ठेवायला आत आले. त्यांची नजर ओट्यावर गेली. सहा खडे तव्याशेजारी होते. त्या रविवारी दादांनी ठेवले तसेच, चार उजवीकडं आणि दोन डावीकडं. चौदा दिवस ओटा रोज पुसला जात होता, पण खड्यांना मनकर्णानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"हे कुठले?" तात्यांनी विचारलं.

"दादांचे. तवा तापला की काहीतरी म्हणायचे आणि एकेक सरकवायचे. देवाचं असेल."

"काय म्हनायचे?"

"नीट ऐकलं नाही कधी. सुरुवातीला 'लाभ' म्हणायचे."

तात्यांनी कप ओट्यावर ठेवला. त्यांनी एक खडा उचलला, बोटात फिरवला, पुन्हा होता तिथंच ठेवला.

"देवाचं न्हाई, मने. मेंढरांचं हाये." तात्या म्हणाले. "सांजच्याला मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना आमचा बाप तोंडाशी उभं राहून जोडी-जोडीनं मोजायचा. पहिल्या जोडीला एक म्हनायचं न्हाई, लाभ म्हनायचं. मंग दोन, तीन. दहा जोड्या झाल्या की वीस मेंढरं, एक खडा इकडचा तिकडं. आमचा कळप सहा वीस होता. दुष्काळात इकला तेव्हा एवढाच होता. एकशेवीस." त्यांनी खड्यांवर बोट ठेवलं. "हे खडे बापाचे हायेत. मला वाटलं हरवले."

मनकर्णा चार आणि दोन खड्यांकडं बघत होती. दादांचा हात तिला आता डोळ्यांपुढं स्पष्ट दिसायला लागला, पुस्तकाच्या वरच्या कडेवरून वर्षानुवर्षं न बघता बघितलेला. सहाही खडे डावीकडं जायचे, तेव्हा टिक्की उलटायची. मग खडे परत उजवीकडं यायला लागायचे, आणि चार आले की टिक्की ताटलीत निघायची. दोन डावीकडंच राहायचे. आत्ता राहिले होते तसे.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्ही मोजता?"

"इथं? चुलीपाशी?"

"मला चाल माहीत नाही. मेंढरं किती हळू आत येतात, ते तुम्हालाच माहीत."

तात्यांनी दाराकडं एकदा पाहिलं. बाहेरच्या खोलीत भाऊबंद बसायला लागले होते. मग त्यांनी टोपी काढून बगलेत धरली आणि ओट्यापाशी उभे राहिले. सहाही खडे त्यांनी उजवीकडं गोळा केले. तव्यातून धूर निघाला. मनकर्णानं मीठ टाकलं आणि टिक्की सोडली.

"लाभ," तात्या म्हणाले. जोडी आत जाईपर्यंत थांबले. "दोन. तीन." मधे एकदा रेंगाळले, कुणी मेंढरू वाटेत अडून बसावं तसे, मग पुढं गेले. पहिला खडा सरकला. दुसरा. सखूकाकू पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. सहावा खडा डावीकडं गेला तेव्हा मनकर्णानं उलथनं खाली घातलं. टिक्की तव्यापासून आपणहून सुटली. खालची बाजू तांबूस-काळी, कडेपर्यंत खरपूस झालेली होती.

"आता परत," ती म्हणाली. "चार खडे."

चार खडे झाले. तिनं टिक्की ताटलीत ठेवली, दोन मिनिटं तशीच राहू दिली, आणि मधून कापली. रस ताटलीभर पसरला.

तात्यांनी अर्धा तुकडा तोंडात घातला. पाव नाही, कांदा नाही. उभ्यानंच, डोळे मिटून चावला.

"मेंढराची चरबी ठेवली त्यानं," ते म्हणाले.

"अकबरमियाँना त्यांनीच शिकवलं होतं ते. पहिल्याच वर्षी."

"गोऱ्यांना आपलं मेंढरू खाऊ घातलं म्हन की." तात्यांनी हात पुसले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मनकर्णानं याआधी फक्त चांगला नर विकत घेताना पाहिलं होतं. "सखे, रस्सा राहू दे. कांद्याच्या चकत्या कर. जाड."

बारा वाजता पंगत बसली. एका वेळी चार टिक्क्या तव्यावर पडत, आणि प्रत्येक खेपेला तात्या पुन्हा पहिल्यापासून मोजत. बाहेरून कुणी हाक मारली तरी वळत नसत. एकदा भावकीतला एक जण डोकावून म्हणाला, "केरबा, तू कुठं चुलीपाशी?" तात्या मोजणं न थांबवता म्हणाले, "मेंढरं आत घेतोय. सात. थांब जरा. आठ." डोकावणारा काही न कळून परत गेला.

पावातलं कसं खायचं म्हणून सुरुवातीला हसणारे नंतर हसायचे बंद झाले. म्हाताऱ्या बायकांनी पाव बाजूला काढून नुसती टिक्की खाल्ली, मग पाव तव्यातल्या चरबीत पुसून मागितला. कुणी दुसरं मागितलं, कुणी तिसरं. रस मनगटांवरून ओघळत होता आणि कुणालाही रुमाल शोधावासा वाटत नव्हता. मनकर्णा ताटल्या घेऊन आत-बाहेर करत होती. चौदा दिवसांत पहिल्यांदाच तिची मान ताठ होती आणि ते तिचं तिलाच जाणवत होतं.

बोर्डे मॅडम साडेबाराला आल्या, कॉलेजातल्या दोघा-तिघांबरोबर. त्या खुर्चीवर बसल्या, त्यांच्या हातात बशी आली. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. बशीकडं पाहिलं, मग मनकर्णाकडं.

"अगदी त्या रविवारसारखाच," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या हॉटेलातूनच मागवलेत का? ओळख असेल ना त्यांची तिथं, मॅनेजर होते म्हणजे."

खोलीत बोलणं चालू होतं. मनकर्णाच्या हातात दोन रिकाम्या ताटल्या होत्या. तिनं त्या खाली ठेवल्या. स्वयंपाकघरातून तात्यांचा आवाज येत होता, "लाभ. दोन. तीन." तो थांबला.

"मागवलं नाही, मॅडम," ती म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या पट्टीहून वर गेला, पार आतल्या ओट्यापर्यंत पोचेल इतका. "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं, आणि ते त्यांच्यासमोर सांगितलं. माझे वडील मॅनेजर नव्हते. माझे वडील खानसामे होते. मेंढपाळाच्या घरचे. सदतीस वर्षं तव्यापुढं उभे राहिले, आणि त्यांच्याइतका चांगला हॅमबर्गर या शहरात दुसऱ्या कुणी केला नाही. हा त्यांचाच आहे."